जाहिरातीखालची न छापलेली ओळ

बिस्किटाचा दहा रुपयांचा पुडा उलटा करून पाहा. बनवणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता, वजन, तयार केल्याचा महिना, सर्व करांसहित किंमत आणि तक्रार कुठे करायची, हे सगळे त्यावर छापलेले असते. कायदाच तसा आहे. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार गल्लीत वाटण्यासाठी पत्रके छापतो, तेव्हा त्या पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते द्यावे लागतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधले कलम १२७-अ तसे सांगते. ते न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता सकाळचे वर्तमानपत्र घ्या. पहिले पूर्ण पान सरकारी जाहिरातीचे असते. योजनेचे नाव, नेत्यांचे मोठे हसरे फोटो, कामगिरीचे आकडे आणि बहुतेक वेळा आभाराचे शब्द. अगदी खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक संकेतांक असतो. केंद्राची जाहिरात असेल तर एका प्रकारचा, राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची असेल तर दुसऱ्या प्रकारचा. तो संकेतांक बिल काढणाऱ्या कारकुनाच्या सोयीचा. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. या पानाचे पैसे कोणी भरले, किती भरले, याबद्दल त्या पानावर एक शब्द नसतो.

बिस्किटाच्या पुड्याला जो नियम आहे, तो कोट्यवधी रुपयांच्या सरकारी जाहिरातीला का नसावा? प्रत्येक सरकारी जाहिरातीवर, वाचता येईल अशा अक्षरांत, ‘ही जाहिरात जनतेच्या करातून दिली आहे’ असे छापणे आणि सोबत खर्चाचा आकडा देणे कायद्याने बंधनकारक करावे, एवढीच या लेखातली मागणी आहे. मागणी लहान वाटते, पण ती मान्य झाली तर सरकारकडे पाहण्याची आपली नजर बदलेल, असे मला वाटते.

कर कोण भरते?

आमच्या शाळेत नववीच्या वर्गात राज्यशास्त्र शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारते. ‘तुमच्या घरात कर कोण भरते?’ चाळीस-पंचेचाळीस मुलामुलींपैकी तीन-चार हात वर होतात. ज्यांचे वडील नोकरीत आहेत किंवा ज्यांचे मोठे दुकान आहे, त्यांचे. बाकीच्या मुलांच्या मनात कर म्हणजे इन्कम टॅक्स, आणि तो श्रीमंतांनी भरायचा असतो.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. अम्मीच्या मोबाइलमध्ये २३६ रुपयांचा रिचार्ज मारला, तर त्यातले ३६ रुपये जीएसटीचे असतात, कारण त्यावर १८ टक्के दर आहे. अब्बांनी रिक्षात पेट्रोल भरले, तर प्रत्येक लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट जातो. अंगाच्या साबणावर आणि टूथपेस्टवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, त्या दिवसापासून तो ५ टक्के झाला. वह्या आणि पेन्सिलींवरचा कर त्याच दिवशी शून्यावर आला. म्हणजे त्याआधी पहिलीतले पोरही पेन्सिल घेताना कर भरत होते. घरी बसून ब्लाउज शिवणारी खाला दोऱ्याचे रीळ घेते, सुया घेते, मशीनचे तेल घेते. तिने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नसते, पण तीही देशाच्या तिजोरीत पैसे टाकते.

हे समजल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो बदल दिसतो तो पाहण्यासारखा असतो. ‘म्हणजे टीचर, आम्ही पण सरकारला पैसे देतो?’ असे एखादी मुलगी विचारते, आणि तिच्या आवाजात थोडा रुबाब आलेला असतो.

हा रुबाब लोकशाहीला फार आवश्यक आहे. आपल्या समाजात, विशेषतः स्त्रियांमध्ये, सरकार म्हणजे देणारा आणि आपण म्हणजे घेणारे, अशी समजूत खोल रुजली आहे. रेशन मिळाले की मेहरबानी, शिष्यवृत्ती मिळाली की मेहरबानी, गल्लीत नळ आला की मेहरबानी. पूर्ण पानाच्या जाहिराती हीच समजूत दररोज घट्ट करतात. जिच्या रिचार्जमधून, साबणातून, चहापत्तीतून पैसा गेला, तिलाच ‘आभार माना’ असे सांगितले जाते.

याच्या उलट एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी ही कपात दिसते. पगारातून किती गेले, हे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. बांधावर माती टाकणाऱ्या मजुराची मजुरी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून येत होती, आणि हे त्या काळी उघडपणे सांगितले गेले होते. कोणी कोणावर उपकार केल्याचा भाव त्यात नव्हता.

फोटो कोणाचा, यावरच सगळा वाद

सरकारी जाहिरातींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने आणि इतरांनी याचिका केल्या होत्या. जनतेच्या पैशातून सत्ताधारी पक्षाचा आणि नेत्यांचा प्रचार होतो, हे थांबवा, अशी त्यांची विनंती होती. न्यायालयाने २०१४ मध्ये कायद्याचे ज्येष्ठ अध्यापक एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली. समितीच्या शिफारशींवर १३ मे २०१५ रोजी निकाल आला.

त्यात चांगल्या गोष्टी आहेत. जाहिरात सरकारच्या जबाबदाऱ्यांशी संबंधित असावी. तिची मांडणी वस्तुनिष्ठ असावी. तिने सत्ताधारी पक्षाचे राजकीय हित साधू नये. खर्च योग्य आणि काटकसरीचा असावा. जाहिरातीत पक्षाचे नाव, चिन्ह किंवा झेंडा नसावा आणि विरोधकांवर टीका नसावी. फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचे चालतील, असे न्यायालयाने सांगितले. महात्मा गांधींसारख्या दिवंगत नेत्यांच्या फोटोंना अर्थातच मुभा राहिली.

राज्य सरकारे फेरविचारासाठी पुन्हा न्यायालयात गेली. पंतप्रधानांचा फोटो चालतो, मग मुख्यमंत्र्यांचा का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. १८ मार्च २०१६ रोजी न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्री यांनाही परवानगी दिली. त्यानंतर पानावरची गर्दी पूर्वीसारखीच झाली.

२०१५ च्या निकालातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातींना बंदी घालावी आणि या खर्चाचे वेगळे लेखापरीक्षण व्हावे, अशा समितीच्या शिफारशी होत्या. न्यायालयाने त्या स्वीकारल्या नाहीत. मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी तीन निष्पक्ष व्यक्तींची समिती नेमावी, असे मात्र सांगितले, आणि केंद्राने ती २०१६ मध्ये नेमली.

आता गंमत पाहा. एवढी वर्षे वाद झाला तो फोटो कोणाचा असावा यावर. कोरोनाच्या लसीकरण प्रमाणपत्रावरील पंतप्रधानांच्या फोटोविरुद्ध केरळमधल्या एका नागरिकाने याचिका केली. त्याने खासगी रुग्णालयात स्वतःचे पैसे देऊन लस घेतली होती. डिसेंबर २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्याच्यावरच एक लाख रुपयांचा खर्च बसवला. पुढे अपिलात तो २५ हजारांवर आला. फोटोच्या वाटेने गेले की बहुधा असेच होते. कोणाचा फोटो योग्य, कोणाचा अयोग्य, यावर प्रत्येकाचे मत वेगळे असते आणि त्याला राजकारणाचा रंग लगेच चढतो.

म्हणून मला वाटते, फोटोचा वाद बाजूला ठेवावा. नेत्यांचा फोटो छापायचा तर छापा, पण त्याच्या शेजारी पैसे कोणाचे तेही छापा. कोणाला काढायचे नाही, फक्त खरी माहिती घालायची आहे. माहिती देण्याला विरोध करणे कोणत्याही पक्षाला अवघड जाईल.

आपल्या मोहल्ल्यातले उदाहरण घ्या. जमातीच्या चंद्यातून कूपनलिका खोदली, तर फलकावर ‘जमातीच्या वर्गणीतून’ असे लिहितात. वर्षाच्या शेवटी जमाखर्च भिंतीवर लागतो. खजिनदाराने त्या फलकावर स्वतःचा मोठा फोटो लावला आणि खाली ‘माझ्याकडून मोहल्ल्याला भेट’ असे लिहिले, तर लोक काय म्हणतील? खजिनदाराचे काम महत्त्वाचे आहेच, पण पैसा त्याच्या हाती अमानत म्हणून असतो. मंत्र्यांच्या हातातला पैसाही असाच असतो.

आकडे काय सांगतात

मुलींच्या शिक्षणाशी माझा रोजचा संबंध, म्हणून पहिले उदाहरण ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चे देते. महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये या योजनेवर अहवाल दिला. समितीच्या अध्यक्षा आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार डॉ. हीना गावित होत्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच. २०१६ ते २०१९ या काळात योजनेसाठी ४४६.७२ कोटी रुपये दिले गेले, त्यातले ७८.९१ टक्के फक्त माध्यमांतून प्रचारावर गेले, असे अहवालात नोंदवले आहे. म्हणजे शंभरातले जवळजवळ ७९ रुपये. आता प्रचारापेक्षा मुलींच्या शिक्षण आणि आरोग्यावर पैसा खर्च करा, असे समितीने सुचवले.

त्या जाहिरातींपैकी प्रत्येकीवर खर्चाचा आकडा असता, तर हे कळण्यासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागले नसते. मुलींच्या शाळेत स्वच्छतागृहाला दार नाही, हे रोज पाहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने किंवा आईने तेव्हाच प्रश्न विचारला असता.

दुसरे उदाहरण दिल्लीचे, तिथे तेव्हा वेगळ्या पक्षाचे सरकार होते. जलदगती रेल्वेसाठी आपल्या वाट्याचा पैसा द्यायला निधी नाही, असे दिल्ली सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. न्यायालयाने विचारले, जाहिरातींवर किती खर्च केला? तीन आर्थिक वर्षांत १,०७३ कोटी रुपयांहून थोडा अधिक, असे उत्तर आले. मग जाहिरातींना पैसा आहे तर रेल्वेलाही असला पाहिजे, असे बजावून जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ४१५ कोटी रुपये दोन महिन्यांत भरायला सांगितले. हा आकडा बाहेर यायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. एरवी तो रोजच्या जाहिरातीच्या खालीच छापता आला असता.

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये. आपल्या वाचकांपैकी कितीतरी भगिनींच्या खात्यात ते जमा झाले असतील, आणि त्या पैशातून गॅस, औषधे, मुलांची फी भागली असेल. त्याबद्दल वाईट बोलायचे कारण नाही. योजनेची माहिती बायकांपर्यंत पोहोचवणे गरजेचेही होते. माहिती नसेल तर अर्ज कोण करणार? पण या एका योजनेच्या प्रसिद्धीसाठी शासनाने सुमारे २०० कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली, हे किती जणींना माहीत आहे? एका महिलेला वर्षाला १८ हजार रुपये मिळतात. त्या हिशेबाने २०० कोटी म्हणजे एक लाख अकरा हजार महिलांचे वर्षभराचे हप्ते. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ रोजी लागली. त्याआधीचे तीन महिने या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या.

हा खर्च योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. पण मत बनवायला आकडा समोर हवा. आकडा सरकारी कागदात असतो. तो जाहिरातीवर आणायला फार तर अर्धा सेंटिमीटर जागा लागेल.

याच विषयावर तमिळनाडूतली एक गोष्ट शिक्षिका म्हणून मला आवडते. २०२१ मध्ये तिथे सरकार बदलले. आधीच्या सरकारने शाळेच्या मुलांसाठी सुमारे ६५ लाख दप्तरे तयार करून ठेवली होती आणि त्यांवर माजी मुख्यमंत्री जयललिता व पलानीस्वामी यांचे फोटो होते. नवे मुख्यमंत्री स्टॅलिन यांच्या सरकारने ती दप्तरे तशीच वाटायचे ठरवले. फोटो बदलण्यात जाणारे सुमारे १३ कोटी रुपये त्यामुळे वाचले. निर्णय चांगला होता. पण दप्तरावर फोटोऐवजी ‘जनतेच्या करातून’ एवढेच छापले असते, तर सरकार बदलल्यावर हा प्रश्नच आला नसता.

बाहेर काय करतात

अमेरिकेत संसदेच्या सदस्यांना मतदारांना सरकारी खर्चाने पत्रे पाठवता येतात. अशा पत्रकावर ते करदात्यांच्या खर्चाने तयार केले, छापले आणि टपालाने पाठवले आहे, असे लिहावे लागत असे. ‘सरकारच्या’ नाही, ‘करदात्यांच्या’ खर्चाने, हा शब्द तिथे महत्त्वाचा होता.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००४ मध्ये सरकारी जाहिरातींचा स्वतंत्र कायदाच केला. जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी प्रांताच्या महालेखापालाकडे तपासणीला जायची. मंत्र्यांचे नाव, आवाज किंवा चित्र त्यात चालत नाही, आणि ओंटारिओ सरकारने या जाहिरातीचे पैसे दिले आहेत, असे त्यात सांगावे लागते. पुढे २०१५ मध्ये कायद्यात बदल करून महालेखापालाचे बरेचसे अधिकार कमी केले गेले. आपल्या हाती आता नुसता शिक्का मारण्याचे काम उरले, अशी तक्रार महालेखापालांनी केली. ऑस्ट्रेलियात सरकारी जाहिरातीच्या शेवटी ती ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा यांनी अधिकृत केल्याचे सांगितले जाते.

या तीन उदाहरणांतून दोन धडे मिळतात. पहिला, कायदा झाला म्हणजे काम संपले असे नाही. सत्तेत आलेला कोणताही पक्ष तो सैल करायला पाहतो. दुसरा धडा शब्दांचा. ‘सरकारने पैसे दिले’ असे लिहिले तर माहिती मिळते, पण अर्धी. सरकारने दिले म्हणजे कोणी दिले? सरकारकडे स्वतःचे शेत नाही, दुकान नाही. त्याच्याकडे जे आहे ते करातून, शुल्कातून आणि आपण सगळ्यांनी मिळून फेडायच्या कर्जातून आलेले आहे. म्हणून आपल्याकडे नियम झाला तर त्यात ‘शासनातर्फे’ हा शब्द पुरेसा मानू नये. ‘जनतेच्या करातून’ असेच असावे, आणि जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत असावे. मराठी जाहिरातीवर मराठीत, उर्दू जाहिरातीवर उर्दूत.

काही शंका

हे तर सगळ्यांना माहीतच आहे, मग छापायचे कशाला, असे काही जण म्हणतील. सगळ्यांना माहीत नाही, हे मी दरवर्षी वर्गात पाहते. आणि सिगारेट वाईट हेही सगळ्यांना माहीत होते. तरी पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापायची सक्ती २०१६ पासून झाली. माहीत असणे वेगळे आणि योग्य क्षणी डोळ्यांसमोर असणे वेगळे.

बारीक अक्षरांत छापतील, कोण वाचणार, ही शंका रास्त आहे. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला शेवटचा इशारा किती वेगाने वाचतात, ते आपण ऐकतोच. म्हणून नियमात अक्षरांचा आकार ठरवून द्यावा लागेल. रेडिओ-टीव्हीवर सावकाश, स्पष्ट वाचण्याचे बंधन लागेल. बसच्या मागच्या बाजूवर, रस्त्यावरच्या फलकावर आणि मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींवरही तेच लागू असावे. काही वेळा सरकारी जाहिरात बातमीसारखी मांडलेली असते, शीर्षक आणि रकाने अगदी बातमीचे, आणि कोपऱ्यात ‘जाहिरात’ असा बारीक शब्द. अशा पानांवर तर ही ओळ सर्वात आधी हवी.

तिसरी शंका अधिक गंभीर आहे. खर्चाचा आकडा छापला तर लोक प्रत्येक जाहिरातीवर ओरड करतील आणि सरकार आवश्यक जाहिरातीही द्यायला घाबरेल. लसीकरण, पुराचा इशारा, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख यांची जाहिरात झालीच पाहिजे. पोलिओची आठवण करा. उत्तर प्रदेशातल्या कितीतरी मुस्लिम वस्त्यांत डोसाविषयी शंका पसरल्या होत्या. सरकारी मोहीम, युनिसेफ, घरोघर फिरणाऱ्या स्थानिक बायका आणि मशिदींचे इमाम यांनी मिळून त्या दूर केल्या. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त जाहीर केले. त्या जाहिरातींवर ‘जनतेच्या करातून’ असे लिहिले असते, तर एकाही आईची तक्रार झाली नसती. आपल्या पैशातून आपल्याच मुलांचे पाय वाचत आहेत, याचा तिला आनंदच झाला असता. उपयोगी जाहिरातीला या ओळीची भीती नाही. आठवडाभर रोज त्याच चार फोटोंची पूर्ण पाने देणाऱ्याला मात्र ती ओळ बोचेल, आणि बोचायलाच हवी.

आपण काय करू शकतो

कायदा होईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. माहिती अधिकार कायदा ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. आपल्या राज्यात तर त्याआधीच स्वतःचा कायदा झाला होता. अर्जाचे शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ. महाराष्ट्रातल्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

अर्जात मोघम प्रश्न विचारू नयेत. ‘अमुक तारखेच्या अमुक वर्तमानपत्रातील अमुक योजनेच्या जाहिरातीवर एकूण किती खर्च झाला, ती किती वर्तमानपत्रांत दिली आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून झाला’ एवढे विचारले तरी पुरे. जाहिरातीची छायाप्रत जोडावी. कोपऱ्यातला तो संकेतांकही लिहावा, म्हणजे कारकुनाच्या सोयीचा क्रमांक तेवढ्यापुरता आपल्या कामी येईल. जाहिरात राज्य शासनाची असेल तर माहिती व जनसंपर्क विभागाकडे, नगरपालिकेची किंवा महापालिकेची असेल तर तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नगराध्यक्षांच्या, सभापतींच्या शुभेच्छांचे फलक कोणाच्या पैशातून लागतात, हेही विचारता येते. गावात असाल तर ग्रामसभेत उभे राहून विचारता येते, आणि तिथे दहा रुपयेही लागत नाहीत.

आपल्या आमदार-खासदारांना पत्र लिहिणे हाही एक मार्ग आहे. निवडणुकीच्या काळात सरकारी तिजोरीतून प्रचाराच्या जाहिराती देऊ नयेत, असे आदर्श आचारसंहितेत आहेच. तेवढ्या दिवसांपुरती ती शिस्त सगळे पक्ष पाळू शकतात, तर बाकीच्या दिवसांत एक ओळ छापणे त्यांना जड का जावे? विरोधी पक्षात असलेला प्रत्येक नेता या जाहिरातींवर टीका करतो. त्याच्याकडून आजच वचन घ्यावे, म्हणजे उद्या सत्तेत आल्यावर त्याला ते दाखवता येईल.

आणि घरात एक सोपी गोष्ट करता येते. पुढच्या वेळी सरकारी जाहिरातीचे पूर्ण पान आले, की मुलांना ते दाखवावे, किराणा दुकानाचे बिल शेजारी ठेवावे, आणि त्या बिलावरच्या कराच्या रकमेवर बोट ठेवून सांगावे की या पानात थोडा पैसा आपलाही आहे. ते फुकटचे कौतुक नाही आणि कोणाची खैरातही नाही. ज्या मुलाला हे दहाव्या वर्षी कळेल, तो अठराव्या वर्षी मतदानाला जाताना उपकाराच्या ओझ्याखाली जाणार नाही. हिशेब विचारायला जाईल.